वाढत्या अंगाची रसभरी

१२ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आलेलं बघून काळजीत पडू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोन केला की तुम्ही बरं आहे एवढं म्हणता आणि तो आईच्या हातात देऊन मोकळे होता. पत्राचं उत्तर आईवर ढकलता येत नाही, म्हणून हा मार्ग.

तुमची नात अडीच महिन्यांची झाली. फोटोत नाक बघून तुम्ही तिला बटण म्हणालात, ते आता आमच्या अख्ख्या इमारतीत रूढ झालं आहे. मान धरते, बापाच्या दाढीला हात लावून हसते आणि लगेच रडते. तुमचे जावई दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि संध्याकाळी चोपन्न पायऱ्या चढून तिसऱ्या मजल्यावर घरी येतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच जिन्यात आहे.

तुम्ही आईकरवी बटणचं माप मागवलंत. ते मी देणार नाही. गिऱ्हाईकाच्या अंगाला स्वतःच्या हाताने टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा तुमचाच नियम. दुकानात कुणी चिठ्ठीवर माप आणलं तर तुम्ही चिठ्ठी परत करायचात. मग माझीच चिठ्ठी कशाला हवी? मोडलेलं हाड पुरतं जुळलंय आणि आता पाय चालवाल तितका चालेल, असं डॉक्टर म्हणाले आहेत. तेव्हा टेप खिशात टाका आणि या.

सोबतच्या पुडीत रसभरीचं बी आहे. तळमजल्यावरच्या बाईंनी फळं दिली होती, त्यातलंच धुऊन वाळवलंय. मागच्या अंगणात लावा. एक मात्र पाळायचं, फळ झाडावरून तोडायचं नाही. कच्चं पोटाला बाधतं. पिकलं की ते आपल्या कागदी पिशवीसकट आपणच खाली पडतं. पडलेलं उचलायचं, एवढंच काम. रोज सकाळी, एकेक.

लोभ आहे तसाच असू द्या, फक्त तो खुर्चीत बसून करू नका.

तुमची,
रीळ


२३ जून

चि. रीळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. लहानपणी तुझं नाव रीळ ठेवलं ते उगाच नाही. एकदा सुटलीस की थांबायचं नाव नाही.

नियमाचं मला सांगू नकोस. नियम दुकानाचा होता आणि दुकान बंद झालं. फेब्रुवारीत वरच्या फळीवरचा अस्तराचा तागा काढायला स्टुलावर चढलो, तिथेच सगळं आटोपलं. जुळलं म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? उसवलेली शिवण पुन्हा घातली की दिसायला छान दिसते, पण पहिला ताण आला की तिथेच उसवते. हे मी त्यांना सांगितलं तर ते हसले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तुझ्या त्या चोपन्न पायऱ्यांवरून मी रोज इथे खुर्चीत बसल्या बसल्या पडतो आहे. तुला खोटं का सांगू, भीती वाटते.

बी तुझ्या आईच्या हवाली केलं. खसखशीएवढं बी, त्याचं काय व्हायचंय. बटणांच्या रिकाम्या डब्यांना तळाशी भोकं पाडून तिने त्यात पेरलं आहे. भोकं मी पाडली, कारण तिने पाडली असती तर डब्याची चाळण झाली असती. यापुढे माझा संबंध नाही.

बाळंतपणाला तुझी आई तीन आठवडे तिकडे राहून आली, पण येताना माप आणलं नाही. ती म्हणते तू आणू दिलं नाहीस. मायलेकी एकाच माळेचे मणी. छाती आणि उंची, दोन आकडे पाठव. नात आहे माझी, परक्याची नाही.

जावईबापूंना नमस्कार. बटणला माझ्याकडून एक पापा, तो तूच घे आणि पोचता कर.

तुझा,
बाबा


२९ जुलै

चि. सौ. रीळ हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे, ह्यांना पत्ता नाही. तुझी युक्ती मला पुडी उघडतानाच कळली. पडलेलं फळ उचलायचं म्हणजे वाकणं आलं, वाकणं आलं म्हणजे उठणं आलं. मी तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. व्यायाम शिकवायला बाई येत होत्या, त्यांना ह्यांनी तुमच्या कोटाची डावी बाही चुकीची बसली आहे असं चार वेळा ऐकवून पळवून लावलं, हे तुला ठाऊक आहेच. झाडांना बाही नसते, एवढंच बरं.

रोपं वीतभर झाली. काल ती अंगणात लावली. म्हणजे मी लावली आणि स्वारी मागच्या दारात खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकत होती. दोन रोपांत तीन फूट हवेत, तर मी अडीच टाकले म्हणे. मी म्हटलं, झाडाला काय कळतं. ते म्हणाले, कापडाला तरी कुठे कळतं, बघणाऱ्याला कळतं. आणि एका हातात काठी, एका हातात टेप घेऊन उठले. माझ्या खांद्यावर सगळा भार देऊन मागच्या तीन पायऱ्या उतरले, पाच महिन्यांत पहिल्यांदा. सातही रोपं माझ्याकडून उपटून पुन्हा लावून घेतली. माझा खांदा आज ठणकतोय आणि मला फार आनंद झाला आहे.

आज मात्र पुन्हा खुर्ची. घाई करून चालणार नाही. बटणला ऊन दाखवत जा. तुझ्या जावयाने, म्हणजे माझ्या, वजन कमी करावं असं फोटोवरून वाटतं.

माया आहे, ती लिहून कशाला दाखवू.

आई


२५ सप्टेंबर

चि. रीळ हिस,
आशीर्वाद आहेत, पण आज थोडे रागाचे.

तू आम्हाला फसवलं आहेस, किंवा तळमजल्यावरच्या बाईंनी तुला. झाडं कमरेएवढी झाली, पिवळी फुलं आली, त्यांच्या घशात तपकिरी ठिपके, इथवर ठीक होतं. फुलं गळून त्या जागी हिरव्या पिशव्या लटकू लागल्या. शिवण इतकी सुरेख की मलाही हेवा वाटावा, झग्याला असतात तशा पाच कळ्या एका टोकाला आणून मिटवलेल्या, कुठे सुरकुती नाही. पण बोटाने दाबून बघतो तर आत काही नाही. पोकळ.

एखादी रिकामी निघाली तर समजू शकतो. मी चष्मा लावला आणि काज कापायच्या ब्लेडने अकरा पिशव्या एकामागून एक उसवून पाहिल्या. प्रत्येकीच्या तळाशी मिऱ्याहून बारीक एक हिरवा दाणा. कापड भरपूर आणि माणूस नाही. अशा मापाचा कोट मी शिवला असता तर गिऱ्हाईकाने माझ्याच डोक्यात घातला असता.

तुझी आई हसते आहे. का, ते सांगत नाही. तीन महिने पाणी घालून (तिने) आणि लक्ष ठेवून (मी) हात दाखवून अवलक्षण झालं.

माप अजून आलं नाही.

रागावलेला, तरी तुझाच,
बाबा


३ ऑक्टोबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं तर तुमच्या जावयांच्या नाकातून चहा आला.

बाबा, अकरा पोटच्या पोरी उसवल्यात तुम्ही. रसभरीचं असंच असतं. पिशवी आधी पूर्ण मापाची होते आणि फळ नंतर आत सावकाश भरतं. दोन महिने लागतात. तुम्हाला हे कळू नये याचं नवल वाटतं, कारण जन्मभर तुम्ही तेच करत आलात. शाळेचा झगा मला दर वेळी दोन वर्षं मोठा शिवायचात. कंबर बगलेत यायची, बाह्यांतून बोटं दिसायची नाहीत, आणि मी रडले की म्हणायचात, वाढत्या अंगाचं आहे, तू वाढ, तो वाट बघेल. मी वाढले आणि झगा बसला. झाडालाही तेवढी मुदत द्या आणि ब्लेड कपाटात ठेवा.

बटण आता बसते. लोडाशिवाय, पण डावीकडे कलते, तुम्ही मशीनवर बसायचात तशीच. मागच्या आठवड्यात तिला जिन्यात घेऊन बसले होते. खालून येणाऱ्या प्रत्येकाकडे ती टक लावून बघते, तो माणूस वळणावर दिसेपर्यंत आणि वर निघून जाईपर्यंत. कुणाची वाट बघते विचारलं तर सांगत नाही, तिला बोलता कुठे येतं. मी सांगू शकेन, पण मी सांगणार नाही.

माप तयार आहे. ते इथेच आहे, तिच्या अंगावर.

माझा हट्ट पोटात घाला आणि माया वाढत्या अंगाची ठेवा.

रीळ


२२ नोव्हेंबर

चि. सौ. रीळ हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी युक्ती बुडाली, आणि कशी बुडाली ते ऐक.

पिशव्या वाळून कागदी झाल्या, आतून केशरी रंग दिसायला लागला आणि सोमवारी पहिलं फळ पडलं. हे दारातून बघत होते. मी घरात काम आहे असं दाखवून आत गेले. अर्ध्या तासाने आले तर फळ तिथेच आणि हे मशीनवर. किती दिवसांनी मशीनचा आवाज घरात आला म्हणून आधी मला भरून आलं. मग पाहिलं तर काय, मच्छरदाणीच्या कापडाची झोळी शिवत होते. चार कोपऱ्यांना नाड्या. प्रत्येक झाडाखाली एक झोळी बांधायची, फळ झोळीत पडणार, काठीने झोळी पुढे ओढायची, वाकायला नको. दोन दिवसांत सात झोळ्या. माझ्याकडे असं बघितलं की जणू किल्लाच जिंकला.

मी म्हटलं, फारच छान, आणि बांधायला घेतल्या. फांद्या खाली लोळलेल्या, त्यामुळे नाड्या जमिनीलगत खुंट्यांना बांधायच्या. आता ह्यांना जगात एकच गोष्ट बघवत नाही, ती म्हणजे माझी गाठ. मी पहिलीच गाठ अशी मारली की तुझ्या आजीनेही मला घराबाहेर काढलं असतं. मुद्दाम मारली का, असं विचारू नकोस. हे दोन मिनिटं बघत राहिले, मग पाट मागवला, काठी भिंतीला टेकवली आणि जमिनीवर बसले. खरंच बसले. चार नाड्या बांधल्या. उठताना माझा हात धरला, चेहरा पांढरा झाला होता. दुसऱ्या झाडाला पुन्हा पाट. तिसऱ्या झाडाला पुन्हा. पाचव्या झाडानंतर माझा हात शोधला नाही, खुंटीवर जोर देऊन उठले. सातव्यानंतर उठून उभे राहिले आणि पाट स्वतः उचलून आत नेला.

मी चहा ठेवला. चहात साखर दोनदा पडली.

रोज नाड्या सैल होतात, रोज घट्ट कराव्या लागतात. कशा सैल होतात, देव जाणे.

आई


१ डिसेंबर

चि. रीळ हिस,
अनेक आशीर्वाद.

सोबत खोका पाठवतो आहे. त्यात रसभरी आहे, साठ फळं, मी निवडलेली. पिशवीसकट ठेव, महिनाभर टिकतात. चव आधी आंबट, मग गोड, आणि शेवटी पुन्हा थोडी आंबट, तुझ्या पत्रांसारखी. माझी चूक मी कबूल करतो. अकरा जणींची क्षमा मागून झाली आहे.

झोळ्यांची कल्पना तुझ्या आईने कळवली असेलच. या गल्लीत असलं काही कुणी पाहिलेलं नाही. दोन घरं सोडून राहणारे लोक बघायला आले होते.

खोक्यात तळाशी एक फ्रॉक आहे. पिवळा, आतून मऊ अस्तर, गळ्याला एकच बटण. तू माप दिलं नाहीस, म्हणून मी डोळे मिटून अंदाजाने कापला. जन्मात पहिल्यांदा टेप लावल्याशिवाय कात्री चालवली. हात कापला नाही, पण मनाला लागलं. काय करणार, मुलीचं मूल वाढतं आहे आणि आजोबाच्या हातचं एकही कापड तिच्या अंगाला लागलेलं नाही, हेही सहन होईना.

माझ्या येण्याचं मात्र आता मनात धरू नकोस. अंगणात वावरणं वेगळं, तिथे पडलो तर माती आहे. चोपन्न पायऱ्यांवर मधेच पाय अडला तर मी ना वरचा ना खालचा. फ्रॉक घालून तिचा फोटो पाठव, मी त्यात भागवीन.

राग नसावा. लोभ आहे म्हणून तर घाबरतो.

तुझा,
बाबा


९ डिसेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

रसभरी पोचली. एक फळ बटणच्या ओठाला लावलं. तिने तोंड वाकडं केलं, अंग शहारलं आणि पुन्हा तोंड उघडलं. घराणं कळून आलं.

फ्रॉक याच खोक्यातून परत पाठवते आहे. माप चुकलं आहे. कुठे चुकलं ते लिहून कळवणार नाही, कारण लिहून आणलेलं तुम्ही वाचत नाही. तुमच्या दुकानाच्या पाटीवर खालची ओळ काय होती, ती आठवा. मी शाळेतून आले की पायरीवर बसून ती वाचायची, वाचायला शिकले ती त्याच ओळीवर. माप चुकल्यास दुरुस्ती गिऱ्हाईकासमोर. चाळीस वर्षं तुम्ही ती पाळलीत. पाऊस असो, ताप असो, गिऱ्हाईक म्हातारं असलं तर सुईदोरा घेऊन त्याच्या घरी जायचात. एका आजोबांच्या घरी तुमच्याबरोबर मीही आले होते, चौथ्या मजल्यावर.

हे गिऱ्हाईक साडेआठ महिन्यांचं आहे. त्याला दुकानात येता येत नाही.

तुमचे जावई एकवीस तारखेला तिकडे कामाला येणार आहेत. त्यांची गाडी रिकामीच परतणार आहे.

तुमचा लोभ आहे हे मला माहीत आहे. तो आता जिन्याने वर यावा, एवढीच मागणी.

रीळ


१८ डिसेंबर

चि. सौ. रीळ हिस,
आशीर्वाद.

फार मोठं लिहीत नाही, ह्यांच्यावर लक्ष ठेवायची जागा सोडून फार वेळ जाववत नाही. फ्रॉक आला त्याला चार दिवस झाले. पहिला दिवस ह्यांनी तो मांडीवर ठेवून काढला. उलटा केला, सुलटा केला, शिवण न् शिवण बघितली. चुकलं कुठे, हे शंभरदा मला विचारलं. मला काय ठाऊक, म्हटलं, मी तर नाडीची गाठ पण नीट मारू शकत नाही. जेवण नीट गेलं नाही. रात्रीच्या जेवणानंतर एकदम म्हणाले की पाटी अजून माळ्यावर असेल ना.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मला बाजारात पिटाळतात, कधी बटाटे, कधी उगाच दोरा. काल मी कोपऱ्यावरून परत फिरले आणि कुंपणाच्या फटीतून पाहिलं. मागच्या तीन पायऱ्या चढत होते, उतरत होते, पुन्हा चढत होते. दर वेळी वर पोचले की दाराच्या चौकटीवर खडूने एक रेघ. मी अठरा रेघा मोजल्या. तीन अठरा चोपन्न. मग काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले आणि रसभरीकडे बघून स्वतःशी हसले. लग्नात हसले होते त्यानंतर असं हसताना मी ह्यांना पाहिलं नव्हतं.

मी बाजारातून सावकाश आले. चौकट पुसलेली होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय जुनीच आहे.

मी येणार नाही. झाडांना आता बहर आला आहे, रोज परडीभर फळं पडतात, ती कोण उचलणार? आणि खरं सांगायचं तर दहा महिन्यांत हे घरात नाहीत असा एकही दिवस मला मिळालेला नाही. गाडीत ह्यांच्या पाठीशी उशी द्यायला सांग.

आई


२३ डिसेंबर

प्रिय...

मायना काय घालावा यात अर्धा तास गेला. एकेचाळीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ आली नाही, कारण बाळंतपणाचे ते तीन आठवडे सोडले तर तू कधी हाकेच्या पलीकडे नव्हतीस. शेवटी रिळीला विचारलं तर ती म्हणाली नुसतं प्रिय लिहा, पुढचं आई भरून घेईल. भरून घे.

काल सकाळी पोचलो. जिना पाहिला आणि आधी कठडा हलवून बघितला, लपवत नाही. जावईबापू माझ्यामागे एक घडीची खुर्ची घेऊन चढत होते. मी बसणार नाही म्हटलं. ते म्हणाले, नका बसू, मी बसतो. पहिला मजला झाला. दुसऱ्याला पाय थरथरायला लागला तेव्हा मी तुझी झाडं मोजली, पहिल्या झाडाची नाडी, दुसऱ्या झाडाची नाडी, असं करत सातव्याला पोचलो तर पुढचं वळण आलं होतं. मधे तीनदा थांबलो. खुर्चीवर कुणी बसलं नाही. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी रीळ उभी होती आणि तिच्या कडेवरून एक बटण खाली वाकून टक लावून बघत होतं. वर पोचलो तेव्हा रीळ काही बोलली नाही. पहिल्यांदाच बघितलं तिला न बोलताना. मग रडली, मीही रडलो, बटण मात्र माझ्या गळ्यातल्या टेपचं टोक तोंडात घालून चघळत बसली.

छाती साडेसतरा इंच. उंची सत्तावीस, सरळ झोपवून धरली तर. बाही चार. हे तू दुकानाच्या मापाच्या वहीत लिहून ठेव, वही कुठे आहे ते तुला माहीत आहे.

मग फ्रॉक काढला आणि तिला घातला. आता हे तुझ्या-माझ्यात ठेव. तो चुकलेला नाही. खांदे जागेवर, गळा जागेवर, खाली दोन बोटं मोठा, वाढत्या अंगाला हवा तेवढाच. डोळे मिटून कापलेला कपडा इतका बरोबर मी उघड्या डोळ्यांनी कधी शिवला नसेन. मी रिळीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते, लहानपणी खोटं बोलली की व्हायचे तसे.

चष्मा लावला, सुई ओवली, बटणला समोर बसवलं. काखेतले दोन टाके उसवले आणि तिच्यासमोर बसून तेच दोन टाके पुन्हा घातले. झालं, म्हटलं. रीळ म्हणाली, आता बसला.

मी आठ दिवस राहतो आहे. रसभरी पडली की उचलत जा, तोडू नकोस. आणि आल्यावर नाड्या मी बांधीन, तू हात लावायचा नाहीस. त्या सैल कशा होत होत्या, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

तुझाच,
शिंपी